घंगाळावरचं नाव

फोनवर आत्यानं विचारलं, "घंगाळ पोचलं का गं नीट?"

"पोचलं. आलं तेव्हा हिरवंगार होतं. पॉलिशवाल्याकडून बफ मारून आणलं. आता आरशासारखं झालंय."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "आणि नाव?"

"कसलं नाव?"

"अगं, काठाखाली होतं ना. आईचं. माहेरचं."

साताऱ्याकडचं आमचं घर विकलं तेव्हा भावंडांच्या वाटणीत मी फक्त घंगाळ मागून घेतलं होतं. दिल्लीतल्या दोन खोल्यांच्या घरात तांब्याच्या घंगाळाचा काय उपयोग, हे मला कुणी विचारलं नाही, ते बरं झालं. लहानपणी दिवाळीच्या पहाटे आजी त्यातलं कढत पाणी माझ्या डोक्यावर ओतायची, एवढंच माझ्याकडे उत्तर होतं. आजी गेल्यानंतर वीस-बावीस वर्षं ते न्हाणीघराच्या कोपऱ्यात पडून होतं. वरून कौलं गळत होती. ट्रान्सपोर्टच्या गोणपाटातून ते बाहेर निघालं तेव्हा त्याच्यावर हिरव्या-पांढरट खपल्या होत्या आणि काठाखाली टिंबांची एक ओळ अर्धवट दिसत होती. ती मी पाहिली होती, पण नक्षी असेल असं मला वाटलं. बाजारातल्या पॉलिशवाल्यानं ते फिरत्या चाकावर धरलं, तासाभरात परत दिलं आणि अभिमानानं म्हणाला, "मॅडम, शीशा बना दिया."

आजीचं लग्न १९४४ सालचं. आमच्याकडे लग्नात नवऱ्या मुलानं ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायची रीत आहे. आजोबांनी 'इंदिरा' लिहिलं. त्यानंतर घरात, रेशनकार्डावर, मतदारयादीत, शेवटी दहाव्याच्या पत्रिकेतही ती इंदिराच होती. माहेरी ती कोण होती, हे तिच्या वडिलांनी तिच्याबरोबर पाठवलेल्या घंगाळावर होतं. त्या काळी भांडी विकणाराच बारीक टोकाची छिन्नी आणि हातोडी घेऊन बसायचा आणि देणाऱ्याचं, घेणाऱ्याचं नाव टिंबाटिंबांनी घालून द्यायचा. 'चि. सौ. कां.' च्या पुढे आजीचं पहिलं नाव होतं. ते तिच्या आयुष्यात बहुधा तेवढं एकदाच लिहिलं गेलं. ती शाळेत गेली नव्हती, त्यामुळे दाखला नाही. तिचा एकुलता भाऊ गेला, माझे वडील गेले. उरली आत्या.

"पण तुला माहीत असेल ना, आत्या?"

"शाळेत जायला लागले तेव्हा वाचलं होतं गं, घासता घासता. मी ते मोठ्यानं म्हटलं, तर आई म्हणाली, 'ते जुनं झालं आता.' मग परत कधी म्हटलं नाही." जरा थांबून म्हणाली, "तीन अक्षरी होतं. का चार? पहिलं 'य' होतं बहुतेक."

यमुना, यशोदा, येसू. मी एकेक नाव उच्चारून पाहिलं. ती प्रत्येक वेळी "असेल" म्हणाली.

नवं नाव तांदळात लिहिलं होतं आणि जुनं तांब्यात. टिकलं मात्र तांदळातलं.

*

या गोष्टीला दीड वर्ष होऊन गेल्यावर माझ्याकडे अनुवादाचं एक काम आलं. छोट्या वस्तुसंग्रहालयांतल्या कर्मचाऱ्यांसाठी धातूंच्या वस्तूंची निगा कशी राखावी, याची चाळीसएक पानांची इंग्रजी पुस्तिका मराठीत आणायची होती. असली कामं मी भाड्याच्या पैशांसाठी घेते, आणि ती सहसा विसरून जाते.

ही पुस्तिका पहिल्याच शब्दाला अडली. 'कोरोजन'ला मराठीत काय म्हणायचं? कोशात 'क्षरण' आहे, 'संक्षारण' आहे. पण घरात कुणी असं बोलत नाही. लोखंड गंजतं. चांदी काळी पडते. तांब्यावर हिरवं चढतं. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर ताक कळकतं. इंग्रजीनं एका शब्दाच्या पोत्यात भरलेली ही सगळी क्रियापदं मराठीनं धातूप्रमाणे, भांड्याप्रमाणे, भांड्यातल्या पदार्थाप्रमाणे वेगळी ठेवली आहेत. मी शेवटी 'क्षरण'च घेतलं, कारण पुस्तिकेला एकच शब्द हवा होता. टाइप करताना लक्षात आलं की झिजतं ते क्षर आणि झिजत नाही ते अक्षर. घंगाळाकडे पाहून या व्युत्पत्तीचं कौतुक करावंसं वाटलं नाही.

दुसरी अडचण 'नॉन-डिस्ट्रक्टिव्ह अ‍ॅनालिसिस'ची. एका ठिकाणी मला 'अविनाशी चाचणी' असा प्रतिशब्द मिळाला. पण अविनाशी म्हणजे ज्याला नाश नाही ते. आत्मा अविनाशी असेल, चाचणी कशी असेल? मी लिहिलं, 'वस्तूला धक्का न लावता केलेलं रासायनिक पृथक्करण'. लांबलचक आहे, पण त्यात वस्तूही आहे आणि धक्काही आहे.

तरी पुष्कळ ठिकाणी मला नुसते शब्द दिसत होते, त्यामागची कृती दिसत नव्हती. म्हणून ओळखीनं ओळख काढत दिल्लीतल्या एका संवर्धन प्रयोगशाळेत गेले. तिथल्या बाईंनी माझी शंकांची यादी बाजूला ठेवली आणि एक छोटा ब्राँझचा दिवा पुढ्यात घेतला. त्यांच्या हातातलं यंत्र केस वाळवायच्या यंत्राएवढं होतं. त्याचं तोंड त्यांनी दिव्याच्या हिरव्या भागाला लावलं आणि अर्धा मिनिट थांबल्या. मग तपकिरी भागाला लावलं. मग तळाशी, जिथे जुना ओरखडा होता आणि धातू उघडा पडला होता तिथे. पडद्यावर तीनदा आकडे आले: तांबं, कथील, शिसं. तिन्ही वेळा वेगळे. हिरव्या भागात कथील कितीतरी जास्त दिसत होतं.

"यातला खरा कुठला?" मी विचारलं.

"तिन्ही खरे," त्या म्हणाल्या. "पण तिन्ही वेगवेगळ्या गोष्टींबद्दलचे आहेत."

या पद्धतीचं नाव एक्स-रे फ्लुओरेसन्स. यंत्रातून निघालेले क्ष-किरण अणूवर आदळतात आणि त्याच्या आतल्या कवचातला एखादा इलेक्ट्रॉन उडवून लावतात. रिकामी झालेली जागा बाहेरच्या कवचातला इलेक्ट्रॉन येऊन भरतो. या उलाढालीत जी ऊर्जा बाहेर पडते, ती प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली असते. तिच्यावरून इथे तांबं आहे, इथे कथील आहे, हे कळतं. वस्तू कापावी लागत नाही, खरवडावी लागत नाही, जागेवरून हलवावी लागेलच असंही नाही. पण ब्राँझमध्ये ही नजर मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच खोल जाते. जुन्या वस्तूवर तेवढ्या खोलीत बहुधा धातू नसतोच, त्याचं क्षरण असतं. जमिनीतल्या ओलाव्यानं तांबं विरघळून बाहेर निघून जातं, कथील मागे राहतं, आणि यंत्र सांगतं की ही वस्तू कथलानं समृद्ध आहे. ओतणाऱ्यानं भट्टीत काय घातलं होतं, याचं ते उत्तर नसतं. नंतरच्या शतकांनी काय काढून नेलं, याचं असतं.

शिवाय या यंत्राला मूलद्रव्यं कळतात, संयुगं कळत नाहीत. मॅलकाइट हिरवा, अ‍ॅझुराइट निळा. दोन्ही तांब्याची कार्बोनेटं. यंत्राला दोन्हींत फक्त तांबं दिसतं, कारण कार्बन, ऑक्सिजन, हायड्रोजन यांची क्षीण हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही. मला वाटलं, हे शब्दकोश घेऊन कविता वाचण्यासारखं आहे. शब्द सगळे कळले, वाक्य कळलं नाही.

वाक्य कळायला दुसरी पद्धत लागते, आणि तिच्यामागचा शोध आपल्याकडचा आहे. १९२८ साली कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवलं की पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा अंश आपला रंग किंचित बदलून परततो. हा बदल रेणूंमधले बंध कसे कंप पावतात यावर अवलंबून असतो. आज लेसरचा बारीक ठिपका गंजाच्या एखाद्या कणावर टाकतात आणि परतणाऱ्या प्रकाशावरून ओळखतात, की हे तांबूस क्युप्राइट आहे, हा मॅलकाइट, हा अ‍ॅटाकामाइट. पहिले दोन सहसा शांत असतात. धातूवर बसतात आणि राहतात. तिसऱ्यात क्लोरिन असतं, आणि तो दिसला की संवर्धक सावध होतात. मिठाचा अंश आत राहिला असेल आणि हवेत ओलावा असेल, तर क्लोराइड धातूला खात जातं, त्यातून आम्ल तयार होतं, ते आम्ल पुन्हा धातूवर जातं. वर फिकट हिरवी भुकटी येत राहते. याला ब्राँझचा रोग म्हणतात. संग्रहालयातल्या काचेच्या पेटीत, कुणी हात न लावताही, मूर्ती अशी पीठ होत जाऊ शकते. म्हणून अशा वस्तूंभोवतीच्या हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ४० टक्क्यांच्या खाली ठेवतात.

"म्हणजे हिरवं आणि हिरवं सारखं नाही," मी म्हणाले.

"नाही. आणि तुमचा पॉलिशवाला दोन्ही सारखीच काढतो." घंगाळाची हकीकत मी त्यांना सांगितली होती.

निघताना त्या आणखी एक गोष्ट म्हणाल्या. लेसरचा जोर जास्त झाला तर गंजाचा कण भाजून दुसराच पदार्थ होतो आणि यंत्र त्या दुसऱ्याच पदार्थाचं नाव सांगतं. "धक्का न लावणारं यंत्र असं काही नसतं. धक्का न लावणारा हात असतो."

*

पुस्तिकेत एक परिच्छेद होता, तो मी तीनदा अनुवादला. जमिनीत किंवा समुद्रात दीर्घकाळ राहिलेल्या वस्तूचं मूळ पृष्ठ पुष्कळदा धातूवर नसतं, ते क्षरणाच्या थरांच्या मध्ये असतं. धातू बाहेर झिरपतो, माती आत शिरते, आणि वस्तूची कारागिरानं घडवलेली कड या दोहोंच्या मधे एखाद्या सीमारेषेसारखी राहून जाते. तिच्या वरच्या थरात वाळूचे कण सापडतात, खालच्या थरात धातूच्याच खुणा. जो माणूस चकचकीत धातू लागेपर्यंत घासतो, तो ही सीमा ओलांडून पलीकडे गेलेला असतो. त्याच्या हाती धातू लागतो, पण वस्तूचा चेहरा गेलेला असतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण ग्रीसमधलं आहे. १९०० साली क्रीटच्या वायव्येला, अँटिकिथेरा बेटाजवळ, स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना एक बुडालेलं जहाज सापडलं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात बुडालेलं. त्यातून निघालेल्या पुतळ्यांच्या गर्दीत हिरवट दगडासारखे काही गोळे होते. १९०२ मध्ये अथेन्सच्या संग्रहालयात एका गोळ्यात दातेरी चाक दिसलं. ते सूर्य-चंद्राच्या गती आणि ग्रहणं दाखवणारं ब्राँझचं यंत्र होतं. आता त्याचे ८२ तुकडे आहेत. दोन हजार वर्षं खाऱ्या पाण्यात राहिल्यानं त्यांच्यात धातू असा फारसा उरलेला नाही. जे आहे ते जवळजवळ सगळं क्षरणच आहे.

हे गोळे 'स्वच्छ' केले असते तर काहीही हाती लागलं नसतं. २००५ साली आठ टन वजनाचं क्ष-किरण यंत्र इंग्लंडहून अथेन्सच्या संग्रहालयात नेलं गेलं, कारण तुकडे इतके नाजूक होते की ते यंत्राकडे नेणं शक्य नव्हतं. गोळ्यांच्या आत, पापुद्र्यापापुद्र्यानं, चाकं दिसली आणि अक्षरं दिसली. काहींची उंची दोन मिलिमीटरांहूनही कमी. तोवर वाचलेल्या मजकुराच्या दुप्पट मजकूर वाचता आला. त्याच मोहिमेत पृष्ठभागाच्या अभ्यासासाठी एक घुमट नेला होता. घुमटात पुष्कळ दिवे, एकेक दिवा वेगळ्या कोनातून लावायचा, दर वेळी एक छायाचित्र काढायचं आणि मग सगळी एकत्र जोडायची. पुसट अक्षरं तिरप्या उजेडात आपली सावली टाकतात.

मला मात्र सगळ्यांत जास्त धरून ठेवलं ते एका तपशिलानं. एका पत्र्यावरची काही अक्षरं मूळ पत्र्यावर उरलेलीच नाहीत. त्याला चिकटलेल्या थरावर त्यांचा ठसा उमटला आणि तोच राहिला. म्हणजे आज जे वाचलं जातं ते उलटं आहे, आरशात दिसावं तसं. शब्द गेले आणि त्यांना खाणाऱ्या थरानं ते उलटे पाठ करून ठेवले.

पुस्तिका संपवल्यावर एका रविवारी मेहरौलीला गेले. दिल्लीत राहून लोहस्तंभ पाहिला नव्हता असं नाही, पण तेव्हा सगळ्यांसारखंच 'न गंजणारा खांब' म्हणून पाहिला होता. तो गंजलेला आहे. सुमारे सोळाशे वर्षांत त्याच्यावर गंजाचा एक घट्ट थर बसला आहे, मिलिमीटरचा जेमतेम विसावा भाग एवढा, आणि त्या थरामुळेच खालचं लोखंड वाचलं आहे. १९१२ च्या सुमारास रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी खांबाचा छोटा तुकडा मिळवून त्याचं पृथक्करण केलं. लोखंड कसलं आहे ते त्यातून कळलं. खांब का टिकला याचं उत्तर पुढे मिळालं, लोखंडावरच्या गंजात. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी तो गंज अभ्यासला. जुन्या पद्धतीनं कोळशाच्या भट्टीत काढलेल्या या लोखंडात फॉस्फरस आजच्या पोलादापेक्षा कितीतरी जास्त, सुमारे पाव टक्का, राहिला होता, आणि त्याच्याच मदतीनं लोखंड आणि गंज यांच्या मधोमध हे संरक्षक अस्तर तयार झालं. आजच्या धातुतज्ज्ञाच्या लेखी फॉस्फरस ही अशुद्धी. जमिनीत गाडलेल्या भागाला दिल्लीच्या कोरड्या हवेचा लाभ मिळाला नाही, तो चांगलाच खाल्ला गेला आहे.

लोक पूर्वी पाठ लावून या खांबाला मिठी मारायचे. हात जुळले तर इच्छा पूर्ण होते म्हणून. तेवढाच पट्टा घासून गुळगुळीत झाला होता. १९९७ मध्ये कुंपण आलं. कुंपणाबाहेरून मला चंद्र नावाच्या राजाचा सहा ओळींचा संस्कृत लेख दिसला, गंजाच्या रंगात, अजून वाचता येण्याजोगा. राजांची नावं अशी राहतात, असं वाटून थोडा रागही आला. पण राजाचं नाव त्याच्या पराक्रमानं राहिलं नव्हतं. गंज राहू दिला, म्हणून राहिलं होतं.

*

आता जे सांगायचं ते माझ्या धंद्याबद्दल आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका वृद्ध शेतकरी बाईंचं आत्मकथन मराठीतून हिंदीत आणलं होतं. त्यात एक वाक्य होतं: त्या वर्षी ताक कळकलं. मी लिहिलं, 'उस साल छाछ ख़राब हो गई.' वाक्य सरळ होतं, गुळगुळीत होतं, आणि पुस्तक वाचून एका समीक्षकानं लिहिलं की हे मूळ हिंदीतच लिहिल्यासारखं वाटतं. मी तो अंक जपून ठेवला.

पण ताक आपोआप कळकत नाही. पितळेच्या भांड्याची कल्हई गेली की आंबट पदार्थ थेट धातूला भिडतो आणि ताक कळकतं. कल्हई गेली, आणि कल्हईवाल्याला द्यायला त्या वर्षी पैसे नव्हते, हे त्या एका क्रियापदात होतं. बाईंनी गरिबीबद्दल त्या पानावर दुसरा शब्द लिहिला नव्हता, कारण लिहायची गरज नव्हती. मी तो शब्द काढला आणि ते वर्षच काढलं. पुढे कळलं की हिंदीतही 'कसाना' असं क्रियापद आहे, काशाच्या भांड्यात आंबट पदार्थ बिघडण्यासाठी. शब्द तिथे होता. मी शोधला नाही, कारण मला तिथे काही अडलंच नव्हतं. हिरवं दिसलं की काढायचं, एवढंच मला येत होतं.

मीही शीशा बना दिया होता, इतकंच. पॉलिशवाल्याला मी नाव ठेवू शकत नाही. त्याला मीच घंगाळ नेऊन दिलं होतं आणि चांगलं चमकव असं सांगितलं होतं.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तर ते वाक्य बदलून द्यावं असं प्रकाशकांना कळवलं आहे. तेवढं माझ्या हातात आहे. घंगाळाचं तसं नाही.

प्रयोगशाळेतल्या बाईंना मी घंगाळ नेऊन दाखवलं. त्यांनी खोलीत अंधार केला आणि काठाशी जवळजवळ समांतर असा दिवा धरला. चकाकीच्या मधून पाच-सहा अगदी उथळ खळगे दिसले. एक किंचित वळण घेत होता. तो 'य' चा पोटातला बाक असेल, किंवा 'स' चा, किंवा वडिलांच्या गावाच्या नावातला. मी विचारलं, आणखी काही करता येईल? त्या म्हणाल्या, छिन्नीचं टोक बसतं तिथला धातू खाली दबलेला असतो. वरची अक्षरं पुसली तरी तो ताण काही खोलीपर्यंत आत राहतो. गाडीच्या इंजिनावरचा घासून काढलेला नंबर पोलिसांच्या प्रयोगशाळेत आम्ल लावून वर आणतात, ते याच्याच जोरावर. पण आम्ल पृष्ठभागाचा आणखी थोडा भाग खाऊन टाकतं. "बफनं एक कातडी गेली आहे. दुसरी मी काढणार नाही."

"मग?"

"दबलेला धातू आणि न दबलेला धातू नेहमी एकाच चालीनं काळा पडतो असं नाही. घासू नका. वाट पाहा. काही दिसेलच असं मी म्हणत नाही."

म्हणून घंगाळ आता खिडकीपाशी आहे, पाणी लागणार नाही असं. चिंच नाही, मीठ नाही, रांगोळी नाही, पीतांबरी नाही. पहिल्या महिन्यात त्याचा गुलाबीपणा गेला. पावसाळ्यात ते विटेसारखं झालं, थंडीच्या धुरकट हवेत तपकिरी. काठाखाली बोट फिरवायचा मोह होतो, पण बोटाला घाम असतो आणि घामात मीठ, म्हणून तेही टाळते. रात्री कधीतरी दिवे मालवून मोबाइलचा उजेड तिरपा धरते.

घरी कामाला येणाऱ्या ताई दर दिवाळीला विचारतात, "दीदी, इसे चमका दूँ?" मी नको म्हणते. त्यांना माझी कीव येते असं दिसतं.

आत्या दर रविवारी फोन करते. आता तिची विचारण्याची पद्धत बदलली आहे. "काय म्हणतंय घंगाळ?" असं विचारते. मी सांगते, आज सात टिंबं दिसली. सहावं आणि सातवं जवळजवळ आहेत, मधे रेघ असावी. गेल्या रविवारी ती म्हणाली, "मधे रेघ? मग 'य' नसेल बघ ते." आणि मग, इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच, एकामागून एक नावं घ्यायला लागली. गंगू, सखू, ठकू, भागीरथी. त्या काळातल्या मुलींची सगळी नावं. मी वही घेतली आणि लिहून घेत राहिले.